जागलीचा रेडिओ

माणसानं राग गिळावा म्हणतात. मी पुष्कळ गिळले आहेत, सासरी आलेल्या बाईला ते शिकवावं लागत नाही. पण चुलत दिरावरचा राग मी गिळला नाही. त्या रागाचा मी रेडिओ आणला.

आमचं गाव वारंगा फाट्यापासून आत, डांबरी सोडून कच्च्या रस्त्यानं. विहिरीच्या पाण्यावर उन्हाळी भुईमूग घेतो. एक धुरा मधे, म्हणजे बांध, धुऱ्याच्या अलीकडं आमचं वावर, पलीकडं चुलत दिराचं. सासऱ्यांच्या आणि त्यांच्या भावाच्या वाटणीतला तो धुरा. दोन्हीकडची माती एकच, दोन्हीकडं खालच्या अंगाला एकच ओढा, आणि त्या ओढ्याच्या काटवनात रानडुकरांचं बस्तान.

शेंगा भरायला लागल्या की डुकरं येतात. एका रात्रीत नांगर फिरवल्यासारखं वावर उकरतात, खातात थोडं आणि नासतात जास्त. म्हणून जागल करावी लागते. रात्रभर मचाणावर बसायचं, आरोळ्या द्यायच्या, डबा वाजवायचा. आमच्याकडं ती मालक करायचे. पण त्या हिवाळ्यात ते मचाणावरून पडले. खुब्यात सळई घातली. काठी घेऊन अंगणापर्यंत यायचे, तेवढंच. रात्री त्यांना उठवायला, बसवायला माणूस लागायचा, आणि घरात माणूस म्हणजे मी. लेकरं नांदेडला शिकायला. मी वावरात जाऊन बसले तर घरी कोण, आणि घरी बसले तर वावरात कोण.

चुलत दिरानं त्या साली आपल्या वावराला झटक्याची तार ओढली. बॅटरीवरचं मशीन असतं, तारेला डुकराचं नाक लागलं की झटका बसतो, मरत नाही पण पळतं. बॅटरी घरी आणून लाईटवर चार्ज करायची आणि संध्याकाळी परत नेऊन जोडायची. त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. ज्याचं पीक त्यानं राखावं.

पण एका संध्याकाळी मी गवताचा भारा बांधत होते आणि तो मला ओढ्यात दिसला. दिवस अजून मावळला नव्हता. काटवनाच्या त्याच्या बाजूला उभा राहून त्यानं सुतळी बॉम्ब पेटवला आणि फेकला. मग दुसरा. डुकरं उठली आणि सरळ आमच्या अंगाला आली. एक मादी आणि तिच्यामागं तिची पिलावळ, माझ्या डोळ्यादेखत भुईमुगात शिरली. तो हात झटकून घराकडं गेला. मी भाऱ्याआड बसून होते, त्यानं मला बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस आमच्या ओट्यावर, मालकांची तब्येत विचारायला. चहा मीच दिला. बशीत ओतून फुंकर मारत म्हणाला, "दादा, लई नुकसान केलं हो डुकरांनी तुमचं. मला तर बघवंना."

मालक म्हणाले, "काय करता. नशीब."

"न्हाई, मी म्हणतो, बाईमाणसाच्यानं जागल होत नसती. वहिनींनी तरी कुठंकुठं बघावं. वावर मला बटईनं द्या. निम्मं तुमचं, निम्मं माझं. तुमी घरबसल्या खावा."

तोंडात साखर आणि हातात सुतळी बॉम्ब. मी चुलीपुढं बसून ऐकत होते आणि माझ्या अंगाची लाही होत होती. बटई म्हणजे काय ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या साली निम्मं देतो, दुसऱ्या साली खताचं सांगून कमी देतो, आणि पाचव्या साली लोक वावराला त्याच्या नावानं ओळखायला लागतात. आपल्याच धुऱ्यावर आपण पाहुण्यासारखं उभं राहायचं. एकोणीस सालं त्या मातीत मी राबले होते.

तो गेल्यावर मी मालकांना बॉम्बचं सांगितलं. त्यांना पटेना. म्हणाले, "त्याच्या वावरात शिरली असतील, हाकलली असतील बिचाऱ्यानं." मालकांचा स्वभावच तो. त्यांना कुणी विंचू दिला तरी आधी म्हणतील, किती जपून आणला. पण मीही हटले नाही. शेवटी एवढ्यावर ठरलं: हा भुईमूग हाताला लागला, तर वावर मी करायचं. डुकरांनी नेला, तर खरिपापासून बटईनं चुलत दिराला.

तिथून माझी घाई सुरू झाली. आधी घरातला मोबाईल आणि लेकाचा छोटा स्पीकर नेऊन मचाणावर ठेवला, गाणी लावली. सकाळी जाऊन बघते तर मचाणाखालीच उकरलेलं. लग्नाच्या पंगतीत बसावं तशी डुकरं गाणी ऐकत जेवून गेली होती. मोबाईल मध्यरात्रीच मेला असणार, आणि चार्जिंगचं म्हणाल तर आमच्याकडं लाईट पाहुण्यासारखी, कधी येईल आणि किती वेळ बसेल सांगता येत नाही.

वारंगा फाट्याला एक म्हातारे चाचा आहेत. टीव्ही, मोटारी, मिक्सर, काय म्हणाल ते दुरुस्त करतात, आणि रेडिओ विकतातही. मालकांची दुपारची भाकर झाकून ठेवली आणि ऑटोनं त्यांच्याकडं गेले. आधी मी दुकानात टांगलेल्या एका चकचकीत रेडिओवर बोट ठेवलं. त्याला दिवे होते, बॅटरी होती, पेन ड्राईव्ह लागायचा, मोबाईलसुद्धा चार्ज व्हायचा.

चाचांनी विचारलं, "कशाला पाहिजे बाई, घरात की वावरात?"

"जागलीला."

"मग हा नको. तुमच्याकडं लाईट बराबर राहती का?"

"आठ दिवस दिवसा, आठ दिवस रात्री. मधे गेली की गेली."

"मग याला चार्ज कोण करंल? चार घंटे चालला की झोपला. नुसती तकलीफ." त्यांनी तो परत खुंटीला लावला आणि फळीखालून दोन साधे रेडिओ काढले. दोघांची मागची झाकणं माझ्यासमोर उघडली. आत एक काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. एकातली कांडी करंगळीएवढी, दुसऱ्यातली चांगली वीतभर. चाचा म्हणाले, "लांबचं स्टेशन ही कांडी पकडती. जेवढी लांब कांडी तेवढं लांबचं. वरचा दांडा ओढून बसतेत लोक, तो एफएमचा. तुमच्या ओढ्याच्या खड्ड्यात एफएम न्हाई लागायचं."

मी म्हणाले, "लांबचं स्टेशन काहून पाहिजे मला? जवळचं चालंल की."

"जवळचं स्टेशन रात्री अकराला बंद होतं, बाई. मग नुसतं खर्रर्र. त्याला डुक्कर भीत न्हाई. आणि गाण्याला पण भीत न्हाई. डुक्कर भितं माणसाच्या बोलण्याला. रात्रभर बोलणारं स्टेशन पाहिजे, आणि ते दूर मुलखातच भेटतं."

हे ऐकल्यावर मी वीतभर कांडीवाला हातात घेतला. जड होता. खाली तीन मोठे सेल बसायचे, घड्याळात घालतात ते नाही, जुन्या हातबॅटरीत, टॉर्चमधे घालायचे ते जाडजूड. चाचा म्हणाले, आवाज निम्मा ठेवला तर तीन सेलांवर पंधरा-वीस रात्री निघतील. पूर्ण ठेवला तर निम्म्यातच संपतील.

पण मी नुसत्या बोलण्यावर घेणारी नाही. दुकानाला वर पत्रा, आत दिवे, त्यात रेडिओ नुसता गुरगुरायचा. मी म्हणाले, "चाचा, मी याला बाहेर नेऊन बघते." रस्ता ओलांडून लिंबाखाली गेले. तिथं परभणी खणखणीत लागलं, दुसरं काही नाही. चाचा दुकानातूनच म्हणाले की लांबची स्टेशनं दिवस बुडाल्यावरच येतात. मग मी दिवस बुडेपर्यंत बसले. येणारेजाणारे बघत होते, ट्रकवाले हॉर्न वाजवून जात होते, एक ओळखीची बाई विचारून गेली की कुणाची वाट बघून राहिल्या. मी म्हणाले, अंधाराची.

आणि दिवस बुडाला तशी एकावर एक स्टेशनं यायला लागली. रेडिओ जरा वळवला की एक जायचं, दुसरं यायचं. तेलुगू ओळखू आली, उर्दू ओळखू आली, आणि पुढं एक बाई कुठल्या मुलखाची देव जाणे, अशी तावातावानं बोलत होती की नळावरचं भांडणच. मी रेडिओ कानाशी धरला आणि मनात म्हणाले, ये माझे आई, तूच ये माझ्या वावरात. घेऊन टाकला.

एक चूक मात्र केली. वळवाच्या सरीत भिजू नये म्हणून पहिल्या संध्याकाळी रेडिओ तेलाच्या पत्र्याच्या डब्यात आडवा ठेवला. डब्यात घातला की आवाज बंद, बाहेर काढला की चालू. मला वाटलं बिघडला. मग आठवलं, चाचांच्या पत्र्याखालीही तो असाच गुरगुरत होता. घरी जाऊन मातीचा जुना माठ आणला, मचाणावर आडवा केला, तोंड ओढ्याकडं, आणि आत रेडिओ. मातीतून स्टेशन बिनदिक्कत आलं, आणि माठाच्या पोटातून आवाज असा घुमला की माझ्याच छातीत धस्स झालं. ती भांडकुदळ बाई ओढ्यापर्यंत ऐकू जात होती.

सकाळी उजाडता उजाडता गेले. खुरांचे ठसे काठापर्यंत आलेले आणि तिथूनच फिरलेले. मी मचाणाच्या खांबाला टेकून उभी राहिले आणि रडले, खरं सांगते.

मग माझा नेम झाला. दिवस बुडायच्या आत वावरात जायचं, रेडिओ लावायचा, घरी येऊन मालकांचं बघायचं, सकाळी जाऊन बंद करायचा. दोन-तीन दिवसांनी स्टेशन बदलायचं, एकाच आवाजाची डुकरांना सवय व्हायला नको म्हणून. कधी तेलुगू पाहुणा, कधी ती बाई. चुलत दिरानं हॉटेलात बसून सगळ्या गावाला सांगितलं, "वहिनी डुकरांना बातम्या ऐकवून राहिल्या." लोक हसले. मला पिठाच्या गिरणीत कुणी विचारलं, डुकरं काय म्हणतात, तर मी म्हणाले, भावजींचा पत्ता विचारतात. मनात म्हणायचे, हस बाबा, तुझे दिवस आहेत.

मेच्या मध्याला वादळ आलं. आखाडा बाळापूरपासून इकडं पोल आडवे झाले, आमच्या गावची डीपी जळाली. लाईट गेली ती गेलीच. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मोबाईलचा टॉवरसुद्धा थंड. आणि तिसऱ्या दिवशी चुलत दिराच्या झटका मशीनची बॅटरी बसली.

हे मला कुणी सांगावं लागलं नाही. वादळ गेल्यावर दुसऱ्याच सकाळी मी पिशवी घेऊन गावातल्या किराणा दुकानात गेले होते आणि तिथं होते नव्हते तेवढे मोठे सेल उचलून आणले होते. दुकानदार म्हणाला, एवढे काय करता. मी म्हणाले, मालकांना अंधार सहन होत नाही. पुढं आठ दिवस लोक बाळापूरला जाऊन रिकाम्या हातानं आले. मेणबत्त्यासुद्धा मिळत नव्हत्या.

डुकरांना पोट आहे. माझ्या वावरात भांडण चालू, शेजारी सामसूम. ती तिकडं गेली. रोज सकाळी रेडिओ बंद करायला गेले की मी धुऱ्यावर उभी राहून त्याचं वावर बघायचे. आज एवढं गेलं, आज तेवढं गेलं. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. घरी जाताना पावलं हलकी पडायची. करावं तसं भरावं, असं मी भाकरी थापताना मोठ्यानं म्हणायचे आणि मालक विचारायचे, काय म्हणाली.

आमचा भुईमूग निघाला. बायका लावून उपटला, शेंगा तोडल्या, अंगणात वाळत घातल्या. अंगण भरलं. मालक काठी टेकून शेंगांच्या कडेकडेनं फिरत होते, त्याच वेळी चुलत दीर आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. मालक आपणहून म्हणाले, "यंदा हिनं करून दाखवलं बाबा. बटईचं राहू दे. वावर आता हीच करंल."

त्या वाक्यासाठी मी वादळाच्या आधीपासून जगत होते. मी डोकं वर करून त्याच्याकडं बघितलं. तो खाली शेंगांकडं बघत होता. म्हणाला, "बराबर आहे दादा." मग माझ्याकडं वळला. "वहिनी, माझा पेरा पंधरा दिवस मागं आहे. निम्मं अजून जमिनीत उभं आहे. तुमचं तर निघालं. तेवढा रेडिओ चार दिवस द्या."

मी म्हणाले, "द्यायचा की. संध्याकाळी न्या, तोवर पुसून ठेवते."

आणि आत गेले. कोनाड्यात माझे संपलेले सेल पडले होते. आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे, संपलेले सेल उन्हात तापवले की घटकाभर पुन्हा चालतात. मी त्यातले तीन काढले आणि परसात दगडावर, शेंगांपासून दूर, मांडले. उन्हाळ्याचं ऊन. दुपारभर ते तापले. मालक ओट्यावर डुलक्या घेत होते. संध्याकाळी रेडिओतले चांगले सेल काढून ते तिन्ही आत घातले. बटण फिरवलं. ती बाई अगदी तावात आली.

चुलत दीर आला तेव्हा मी त्याला चालू करून दाखवला. माठही दिला. पत्र्याच्या डब्यात ठेवू नका, हेही सांगितलं. वर म्हणाले, "भावजी, आवाज निम्माच ठेवा बरं का. मोठा ठेवला की सेल जळतात." त्यानं दोन्ही हातांनी रेडिओ घेतला. मालक म्हणाले, "सांभाळून जा."

मी मनात हिशोब केला होता, जेवणाच्या वेळेपर्यंत चालेल. त्या रात्री मला झोप चांगली लागली.

पाच दिवस तो दिसला नाही. त्याच्या वावरात काही उरलं नाही, हे गावात सगळे बोलत होते. सहाव्या दिवशी लाईट आली आणि दुपारी तो आला. रेडिओ धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेला, माठ खांद्यावर. ओट्यावर बसला नाही, खालीच उभा राहिला.

"वहिनी, माफ करा मला," तो म्हणाला. "तुमी सांगितलं होतं आवाज निम्मा ठेवा. डुकरं लई होती, मला भ्या वाटलं, मी पूर्ण ठेवला. पहिल्याच रात्री तुमचे सेल जाळून टाकले मी. दुसऱ्या दिवशी बाळापूरला गेलो, हिंगोलीला गेलो, मोठा सेल कुठंच भेटंना. मग तसाच बसलो डबा वाजवत. काल नांदेडहून आणले. नवे घातलेत."

बॉम्बची माफी त्यानं मागितली नाही. माझ्या वावरात डुकरं घातली, माझ्या नवऱ्याच्या कानात विष ओतलं, गावभर माझी टवाळी केली, त्यातल्या कशाचीच नाही. जे त्यानं केलं नव्हतं, तेवढ्याची मागितली. माझ्या जिभेवर खरं आलं होतं. ते गिळलं आणि म्हणाले, "चालायचंच भावजी. माझ्या मनात काही नाही."

त्यानं मान हलवली. आणि मालक, जे इतका वेळ काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते, ते म्हणाले, "तुझं तर सगळंच गेलं रे. असं कर, खरिपाला आमचं वावर तूच कर बटईनं. एक साल. तुझं घर उभं राहू दे."

तिथल्या तिथं शब्द टाकला. मला विचारलं नाही. आमच्याकडं टाकलेला शब्द परत घेत नसतात. चुलत दीर खाली वाकला, मालकांच्या पायांना हात लावला आणि गेला. रेडिओ माझ्या हातात होता.

तो वळणापलीकडं जाईपर्यंत मी थांबले. मग म्हणाले, "मला शब्द दिला होता तुमी. भुईमूग हाताला लागला तर वावर माझं."

"दिला होता. एक सालच तर आहे. त्याला काहून न्हाई म्हणतीस?"

काहून ते मला सांगता येईना. बॉम्बचं सांगून झालं होतं, ते पटलं नव्हतं. आता दगडावर तापवलेल्या सेलांचं सांगितलं असतं, तर त्यांनी एका सालाची पाच सालं केली असती. मी आत जाऊन परात ओढली आणि पीठ मळायला घेतलं. रागानं बुक्क्या मारून मळलं. कुणावरच्या रागानं, ते मी स्वतःला विचारलं नाही.

मालक काठी टेकत चुलीपर्यंत आले. भिंतीला धरून सावकाश पाटावर बसले. त्यांना वाटलं मी रुसले. समजूत काढायच्या आवाजात म्हणाले, "अगं, मला कुठं सुचलं असतं हे. तुझंच बघून सुचलं. त्यानं तुला एवढं छळलं म्हणतीस, तरी त्या दिवशी तू काही मनात न ठेवता रेडिओ पुसून त्याच्या हातात दिलास. मी ओट्यावरून बघून राहिलो होतो. म्हणलं, आपली बाई एवढं मोठं मन करती, तर आपण काहून करू नये?"

मी तवा चुलीवर ठेवला आणि पहिली भाकरी थापायला घेतली.